धाकटीची नस टीव्हीवर

४ मार्च, मंगळवार. सकाळ.

निश्चय: आजपासून धाकटीचा विषय बंद.

सुनेने फोनमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलायचं, तो लिहून ठेवणार. मला अक्षर येत नाही, त्यामुळे त्याने काय लिहिलं ते मला वाचता यायचं नाही, आणि घरात दुसऱ्या कुणी वाचायचं नाही अशी मी तंबी दिली आहे. थोडक्यात, हे वाचणारं कुणी नाही. मोकळेपणाने बोलायला हरकत नाही.

तर धाकटी. माझी जाऊ. पासष्टीची झाली तरी धाकटीच. दोघी एका घरात राहतो, दोघी एकाच टेलर मास्तरांकडे कोटांना हाताने काजं घालतो, आणि दोघींच्या उजव्या हाताची बोटं बधिर. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. मनगटात नस दाबली जाते म्हणे. निदान दुखणं तरी निराळं घ्यायचं, तेही माझंच उचललं.

काल तिचं ऑपरेशन झालं. माझं पुढच्या मंगळवारी. आधी तिचं का? वयाने मी मोठी, मानाने मी मोठी. सर्जन म्हणे तिचा हात जास्त बिघडलाय. तोंडच तसं करून दाखवलं असेल.

त्याच दिवशी, दुपार.

विषय बंदच आहे, पण नोंद राहायला हवी.

अख्खा जिना आमच्या खोलीत लोटलाय. धाकटी पलंगावर, हात उशीवर, थाट राणीचा. सांगत होती की भूल फक्त हातापुरती देतात, काखेत सुई टोचून. सुई नेमकी नसेपाशी जावी म्हणून सोनोग्राफीचं मशीन लावलं. आणि हिने आपली नस टीव्हीवर पाहिली! गोल, आत बारीक बारीक भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. सुई येताना दिसली. औषध नसेभोवती पसरताना दिसलं. बारा मिनिटांत हात गाढ झोपला.

मी म्हटलं, या वयात सोनोग्राफी, शेजारीपाजारी काय म्हणतील! सगळे हसले. धाकटी सगळ्यांत जास्त हसली. खरं म्हणजे तिला वाईट वाटायला हवं होतं.

मला हेवा नाही. हेवा करण्यासारखं तिथे आहे काय? नस मलाही आहे.

५ मार्च.

मास्तर धाकटीला बघायला आले होते. गळ्यातली टेप काढायला विसरले, तसेच आले. बँडवाल्यांची बारा कोटांची ऑर्डर आली आहे. बारा एप्रिलला द्यायचे. दर कोटाला पाच काजं, सगळी हाताची, रेशमी दोऱ्यात. मास्तर म्हणाले, ज्या बाईंचा हात आधी चालू होईल त्या खिडकीपाशी बसतील आणि कोट त्यांचे. दुसऱ्या बाईंनी आत बसून बटणं लावावीत.

खिडकीपाशी! ती खुर्ची तीस वर्षं माझी आहे. त्या दुकानात उजेड काय तो तिथेच. आत नुसता ट्यूबलाइट आणि इस्त्रीची वाफ. आणि बटणं? बटण कुणीही लावतं. सून लावते. काज घालायला हात लागतो. माझं एकही काज आजवर गिऱ्हाइकाने परत आणलेलं नाही.

निश्चय: हात आधी माझा चालणार. त्यासाठी टीव्हीवालीच भूल मिळवायची. नस नीट दिसली की औषध नीट जाणार, औषध नीट गेलं की हात लवकर बरा होणार. हे कुणी सांगायला नको.

७ मार्च, शुक्रवार.

दवाखान्यात जाऊन आले. भूल देणारी डॉक्टर म्हणजे एवढीशी पोरगी, स्टुलावर उभी राहिली तर माझ्या कानाला लागेल. पण बोलते गोड. म्हणाली, आजी, नस शोधायच्या दोन तऱ्हा आहेत, दोन्ही चांगल्या. एकीत स्क्रीनवर नस बघून सुई घालायची. दुसरीत सुईतून अगदी बारीक करंट सोडायचा, आणि बोटं आपोआप उडायला लागली की समजायचं, नस सापडली. कुठल्या तऱ्हेत हात लवकर बधिर होतो, कुठल्या तऱ्हेत कमी दुखतं, याची आम्ही तुलना करतोय. तुम्हाला कुठली मिळणार ते बंद पाकीट ठरवतं. ऑपरेशनच्या दिवशी फोडायचं.

मी म्हटलं, माझ्यासाठी फोडू नका, मला स्क्रीन द्या.

म्हणाली, तसं नाही करता येत, आजी. मी निवडलं तर तुलना कसली? तुम्हाला यात नको असेल तर नाही म्हणा, मग मी माझ्या पद्धतीने भूल देईन.

मी विचारलं, तुझ्या पद्धतीने म्हणजे कुठली? म्हणाली, त्या दिवशी मशीन जे मोकळं असेल ते. मी ताबडतोब हो म्हटलं. नशिबावर सोपवलेलं बरं, नशिबाला काहीतरी करता येतं.

आणखी एक विचारलं. स्क्रीनवाल्यांचा हात लवकर कामाला लागतो का? म्हणाली, त्याचा याच्याशी संबंध नाही, भूल त्या दिवसापुरती. लहान आहे अजून, शिकेल.

कागदावर अंगठा द्यायचा होता. बधिर अंगठा. कळेना किती दाबलाय. पहिला ठसा उमटलाच नाही, दुसरा कागदाच्या पलीकडच्या बाजूलाही आला.

८ मार्च.

दवाखान्यात तपासणीच्या रांगेत बसून माहिती काढली. धाकटी सोमवारी पहिली होती, तिला स्क्रीन. तिच्यामागच्या बाईला करंट. त्या मागच्या माणसाला स्क्रीन. मंगळवारी एकटाच होता तो घड्याळं दुरुस्त करणारा, त्याला करंट.

कुणाला दिसलं नाही, पण काज घालणारीला दिसतं. एक टाका वर, एक टाका खाली. स्क्रीन, करंट, स्क्रीन, करंट. एवढं शिकून त्या पोरीने पाकिटं अशी लावली आहेत!

बुधवार ते शुक्रवारची मात्र माहिती नाही. तीही काढते.

१० मार्च, सोमवार.

माहिती काढली. बुधवारी दोन, गुरुवारी एक, शुक्रवारी दोन, आज एकही नाही. कुणाला काय मिळालं ते त्यांनाही धड आठवत नाही, पण एका टाक्यावर दुसरा बसतोच. मोजलं. उद्या पहिला नंबर माझा, त्यावर येतो करंट. दुसरा नंबर एका सुताराचा, त्यावर स्क्रीन. त्याचं बोट रंध्यात आलंय.

धाकटी म्हणाली, ताई, करंट तर करंट, हात बरा होण्याशी मतलब. ज्यांना टीव्ही मिळून गेला त्यांना हे बोलायला काय जातं.

बेत: उद्या माझं नाव पुकारतील तेव्हा मी बाथरूममध्ये. सुतार आधी आत जाईल. मी दुसरी. कुणाचं वाईट नाही, सुताराचं बोट तरी लवकर बरं होईल.

११ मार्च. सकाळी साडेआठ.

पोटात पाण्याचा थेंब नाही. हिरवा गाऊन, मागे नाड्या. कोटांवर आयुष्य न काढलेल्या कुणीतरी शिवलाय, टाका हाताएवढा.

बेत पार पडला. नर्सने दोनदा पुकारलं. मी बाथरूममध्ये श्वास धरून उभी. तिसऱ्यांदा सुताराला पुकारलं. मी बाहेर आले. नर्स रागावली, आजी, कुठे होतात? मी म्हटलं, म्हातारपण आहे बाई.

आता निवांत.

पावणेदहा.

सुतार बाहेर आला. ट्रॉलीवर, खुशीत. म्हणाला, आजी, कमाल आहे हो, नस टीव्हीवर दिसते.

माझा फोन नर्स काढून घेतेय. पुढचं नंतर.

११ मार्च, संध्याकाळ.

पाकीट फोडलं. करंट. म्हणजे बाथरूममध्ये गेले नसते तर... ते पुन्हा बोलायचं नाही.

जे झालं ते सांगते. त्या पोरीने काखेत सुई घातली आणि माझा अंगठा उडाला. मी उडवला नाही, तो आपण होऊन उडाला. मग बोटं. दोन वर्षं ज्यांना सुई धरता येईना ती बोटं एका तारेच्या इशाऱ्यावर नाचत होती. मला म्हणाली, छान, हीच नस. मग औषध भरलं.

धाकटीला बारा मिनिटं लागली होती. म्हणून दहाव्या मिनिटाला पोरीने गार बोळा हाताला लावून विचारलं, गार लागतंय का, तेव्हा मी म्हटलं, छे. लागत होतं. पण दहा म्हणजे दहा. सर्जननी चिमट्याने बोट दाबून पाहिलं, विचारलं, दहापैकी किती दुखतंय? मी छताकडे बघत म्हटलं, शून्य. धाकटीने एक सांगितलं होतं.

सर्जन सुरी मागणार एवढ्यात पोरगी म्हणाली, थांबा. आजी, पायाची बोटं का आखडलीत?

पायाची बोटं! हातावर लक्ष ठेवता ठेवता ती राहूनच गेली होती.

१२ मार्च, बुधवार.

कालचं राहिलेलं. पोरगी रागावली नाही, पण ओठ मिटून घेतले. म्हणाली, आजी, तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही नाही म्हणालात. कापलं असतं तर? मी म्हटलं, तुझा वेळ वाचवत होते.

मग तिने दुसरं मशीन ओढून आणायला सांगितलं. स्क्रीनचं! चाकं करकरत आलं. मी मान वळवली. आणि ती म्हणाली, तुम्ही फार ताण घेताय, थोडी गुंगी देते. मला मशीनची पाठ दिसली. एक वायर, एक चिकटवलेला कागद. त्यानंतर एकदम वॉर्ड.

पण मुद्दा लक्षात घ्यायला हवा. धाकटीला एक तऱ्हा मिळाली. मला दोन्ही.

निघताना पोरीला विचारलं, कागदावर माझ्यापुढे काय लिहिलंस? म्हणाली, पहिली पद्धत पुरी पडली नाही, दुसरी वापरावी लागली. तेच. दोन्ही.

१३ मार्च.

जिन्यातल्या सगळ्यांना सांगितलं. नस शोधण्याच्या दोन्ही तऱ्हा अंगावर घेतलेली बाई दवाखान्यात दुसरी नाही. धाकटीने विचारलं, ताई, तुमची नस कशी दिसली? मी म्हटलं, रेशमाच्या लडीसारखी. आणि तुझ्यापेक्षा जाड. म्हणाली, असेल हो, तुमचा हातच मोठा. असं बोलते की पुढे बोलायला जागाच ठेवत नाही.

परवा रात्री हात जागा झाला नव्हता तेव्हा कूस बदलताना तो उचलला आणि तो माझ्याच नाकावर पडला. धाकटीने उशीवर ठेवून दिला. कुणी सांगितलं होतं?

१७ मार्च, सोमवार.

धाकटीचे टाके काढले. सुंदर जखम आहे म्हणे. सर्जन म्हणे. जखमेलाही सुंदर म्हणून घेतलं हिने.

निश्चय: रोज शंभर वेळा मूठ. डॉक्टरांनी दहा सांगितली आहे. दहा म्हणजे सामान्य माणसाची.

१९ मार्च.

मूठ चाळीसपर्यंत गेली. जखम लाल. बंद.

२१ मार्च.

दुकानात जाऊन आले, बँडेजसकट. खिडकीच्या खुर्चीत दोन तास बसले. काम नाही केलं, नुसती बसले, म्हणजे खुर्चीला सवय राहील. मास्तरांनी चहा दिला आणि आतून बाहेर, बाहेरून आत करत राहिले. मी म्हटलं, मास्तर, काही बोलायचंय का? म्हणाले, नाही नाही, बसा, मोठ्या बाई. माणूस घाबरलाय. माझ्याशिवाय दुकान कसं चालणार याचं टेन्शन.

२५ मार्च, मंगळवार.

माझेही टाके काढले. सर्जननी सुंदर म्हटलं नाही. "ठीक" म्हणाले. मी विचारलं, ठीक म्हणजे? म्हणाले, जास्त ताणलात. सुईकाम अजून सहा आठवडे नको.

सहा आठवडे म्हणजे मेचा पहिला आठवडा. कोट बारा एप्रिलला.

भूलवाली पोरगी भेटली. तिला म्हटलं, तुझ्या तुलनेत लिहून ठेव, करंटने हात उशिरा बरा होतो. म्हणाली, आजी, हे करंटने नाही, मुठींनी झालंय. कुणी सांगितलं असेल तिला? धाकटी सोबत आली होती.

२ एप्रिल.

मास्तरांनी धाकटीला कोट दिले. खिडकीही.

मला बटणं द्यायला लागले. मी म्हटलं, डॉक्टरांनी सुई नको म्हटलंय. पहिल्यांदाच डॉक्टरांचा उपयोग झाला.

हेवा वगैरे नाही. फक्त त्या खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. दिसायला बरं दिसत नाही, एवढंच.

५ एप्रिल.

धाकटीच्या कामावर कुणीतरी नजर ठेवायला हवी. तिचा हातही अजून कच्चाच. मास्तरांना सांगितलं, सगळे कोट जाण्याआधी मी तपासते. काज पाहायला सुई लागत नाही. मास्तर टेप गुंडाळायला लागले. मग म्हणाले, बघा.

बेत: एक तरी चुकलेलं काज सापडेल. साठ आहेत. साठात एक चुकतंच. ते मास्तरांसमोर, शक्यतो गिऱ्हाईक असताना दाखवायचं. तिच्या भल्यासाठी.

८ एप्रिल, मंगळवार.

हे कसं सांगावं कळत नाही. जसं झालं तसं सांगते.

अकरा कोट तपासले. पंचावन्न काजं. एकेक उजेडात धरून पाहिलं. टाक्याला टाका लागलेला, कडेला गाठ बसलेली, रेशीम कुठे सैल नाही. पाठीला रग लागली. मग बारावा कोट. बँडमास्तरचा. त्यातलं खालचं काज. टाके वेडेवाकडे, मध्ये दोन जागा सुटलेल्या, कडेला दोरा लोंबत होता. मुक्या जनावराने चावल्यासारखं.

बँडमास्तर समोरच उभा होता, पँटचं माप द्यायला आलेला. मी कोट उंच धरला आणि म्हटलं, मास्तर, हे बघा, म्हणून मी म्हणत होते! घाईघाईत खिडकीत बसवलंत!

धाकटी खाली बघत राहिली. मला वाटलं, आली वाटेवर.

मास्तरांनी बँडमास्तरला आत मापाला पाठवलं. मग हळू म्हणाले, मोठ्या बाई, हे तुमचं.

मी म्हटलं, मी कोट हातात घेतले नाहीत या वेळी. म्हणाले, हा नमुन्याचा कोट, फेब्रुवारीतला. पाच काजं तुम्हीच घातली होतीत. चार धाकट्या बाईंनी उसवून पुन्हा घातली. पाचव्याच्या वेळी त्यांची बोटं चालेनात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या.

मी म्हटलं, उसवून म्हणजे?

मास्तर टेपकडे बघत म्हणाले, दोन वर्षं झाली, बाई. तुम्ही घरी गेलात की त्या तासभर थांबायच्या. म्हणायच्या, ताईंना सांगू नका, बोटं बरी झाली की ताई पुन्हा घालतील.

दोन वर्षं मी समजत होते ती भाजी घ्यायला थांबते. तासभर भाजी घेते म्हणून मी जिन्यात सगळ्यांना हसवलंय.

संध्याकाळ.

सर्जन म्हणाले होते, तिचा हात जास्त बिघडलाय. तिची काजंही तिने घातली, माझीही तिनेच. बरोबर आहे.

घरी आल्यावर विचारलं, का गं असं केलंस? म्हणाली, अहो ताई, घरी लवकर येऊन काय करायचं होतं. पुन्हा तेच. पुढे बोलायला जागाच नाही.

९ एप्रिल, बुधवार.

धाकटीने तो कोट घरी आणला. कात्री माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, ताई, उसवायला हरकत नाही, सुई नाहीये त्यात. उसवलं. माझेच टाके, पण हाताला लागेनात. एक तास गेला.

नवं काज तिने घातलं. मी शेजारी बसून टाका न् टाका पाहिला. चूक नाही. दुसऱ्यांदा पाहिलं. तरी नाही.

चांगलं झालंय, एवढं तिला सांगायचं ठरवलं. उठले. स्वयंपाकघरापर्यंत गेले. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने दाबत.

मी पाणी मागितलं.